म्यूट

आवाज बंद करायचं बटण माझ्या उजव्या हाताच्या
पहिल्या बोटाखाली असेल, हे नेमणुकीच्या पत्रात नव्हतं.
त्यात होतं: मराठी टंकलेखन चाळीस, लघुलेखन शंभर,
वर्तणूक समाधानकारक.

त्र्यंबक वाघळे, वय एकोणसाठ, राहणार तांबट लेन, जुनं नाशिक.
आरोप: भागीदाराच्या मनगटावर हातोडी.
पहिल्या तारखेला तो पिंजऱ्यातून ओरडला, "काय म्हणतो हा?"
दुसऱ्या तारखेला, साक्षीदार शपथ घेत असतानाच, "काय? काय म्हणतो?"
तिसरीला बाहेर सीबीएसवरून सुटलेली पेठची बस
हॉर्नवर हात ठेवून अडकली होती सिग्नलला,
तर हा तिच्याही वरच्या पट्टीत.

घारपुरे मॅडम रागावत नाहीत. चष्मा काढतात.
चष्मा काढला की शिपाई सरसावून उभा राहतो.
त्यांनी ताकीद दिली, मी ताकीद टंकली.
वकिलाला म्हणाल्या, समजवा तुमच्या अशिलाला.
वकील मोफत विधी सेवेचा, नवा, खांद्यात सैल कोट घातलेला;
तो पिंजऱ्याशी जाऊन दोन मिनिटं पुटपुटला.
त्र्यंबकने मान डोलावली.
ती मान आम्ही सगळ्यांनी होकार म्हणून घेतली.

मग आदेश: आरोपी कामकाजात वारंवार व्यत्यय आणीत आहे,
सबब पुढील तारखांना त्यास नाशिकरोड कारागृहातून
पडद्यावर हजर ठेवावे,
व गरज भासल्यास आवाज बंद ठेवावा.
"गरज" म्हणताना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

चार तारखा मी त्याला बंद ठेवलं.
तोंड उघडायचं, मिटायचं, गळ्याची शीर फुगायची.
मागे जेलचा निळा ऑइलपेंट,
एक कॅलेंडर, कोणी पान न उलटलेलं.
साक्षीदार सांगायचा, मॅडम सांगायच्या, मी टंकायची,
आणि पोस्टाच्या पाकिटाएवढ्या चौकोनात
एक माणूस टेबलावर बोटं ठोकत बसायचा:
दोन जोरात, एक हलका. दोन जोरात, एक हलका.

रविवारी भाचीच्या लग्नाचं घंगाळ घ्यायला गेले
तांबट लेनला. दुकानदाराने भाव सांगितला
तो बोहोरपट्टीपर्यंत गेला असेल.
म्हटलं, काका, हळू. म्हणाले, "काय म्हणतेस?"
शेजारचा म्हणाला, "काय म्हणते ती?"
समोर एक पोरगा, जेमतेम विशीचा,
हंड्याचा काठ मठारत होता.
दोन जोरात, एक हलका.
सगळी गल्ली भांडल्यासारखी बोलत होती,
चहा मागवत होती, जावयाची चौकशी करत होती.
घंगाळ न घेताच परत आले.

सोमवारी चेंबरमध्ये सांगितलं.
स्टेनोने सांगायचं नसतं.
मॅडमनी चष्मा काढला, बराच वेळ काच पुसत राहिल्या,
म्हणाल्या, "आपण कोणी विचारलं कसं नाही?"
आपण, म्हणाल्या. हे कुठे टंकायचं ते मला कळेना.

सिव्हिल हॉस्पिटलचा अहवाल आला:
उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा निम्मा.
पण म्हणून हातोडी मारलीच नाही असं होत नाही,
सरकारी वकील म्हणाले. तेही खरंच.
"आरोपीला प्रत्यक्ष आणा," मॅडम म्हणाल्या.

आणला. डाव्या कानात यंत्र, कुठल्याशा ट्रस्टचं,
मधूनच शिट्टी घालणारं.
चारही साक्षी मी पहिल्यापासून वाचून दाखवल्या.
तो डोळे मिटून ऐकत होता,
भांड्याला चीर आहे का ते
टिचकी मारून ऐकतात तसा.
वाचून झालं. मॅडमनी विचारलं, "काही सांगायचंय?"

कित्येक वर्षांनी त्याला स्वतःचा आवाज ऐकू येणार होता.
तो दचकला असावा.
ओठ हलले,
इतके हळू, की पंख्याखालचे कागद जास्त बोलले.
माझी बोटं कळफलकावर तशीच.

"जरा मोठ्याने," मॅडम म्हणाल्या.